स्तब्ध माणूस आणि ललाटखंड

बोलताचालता माणूस चार दिवसांत लाकडासारखा होऊन बसतो, ही गोष्ट भीमेच्या आणि मांजरेच्या काठच्या खेड्यांना नवी नाही. भालकी-औरादकडे काय किंवा आळंद-अफझलपूरकडे काय, अशा माणसाचे वर्णन घरोघर सारखेच ऐकू येते. तो बोलत नाही. समोर ठेवलेली भाकरी वाळून जाते, पण तो तिला हात लावीत नाही. डोळे उघडे असतात, पापणी मात्र क्वचित लवते. कोणी त्याचा हात वर उचलला तर तो हात मेणाचा असावा तसा तेथेच अधांतरी राहतो. पाणी पाजू गेल्यास तो दात घट्ट मिटून घेतो. घरातले कोणी म्हणते दातखीळ बसली, कोणी म्हणते बाहेरची बाधा झाली, आणि कोणी म्हणते की हा सारा हट्ट आहे, ढोंग आहे. या तिन्ही निदानांत तिसरे सर्वांत घातक होय. बाधा मानणारी माणसे रोग्याला निदान उचलून कोठेतरी नेतात. हट्ट मानणारी त्याला घरातच ठेवतात आणि त्याचा हट्ट मोडायला निघतात.

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला कॅटॅटोनिया असे नाव आहे. मराठीत तिला स्तब्धता म्हटले तर अर्थ बराचसा येतो, सगळा येत नाही. कारण या विकारात माणूस नेहमीच निश्चल असतो असे नाही. कधी तो एकच हातवारे तासन् तास करीत राहतो, कधी समोरच्याचेच शब्द परत उच्चारतो, कधी कारणावाचून उसळून धावत सुटतो. या विचित्र अवस्थेचा उगम कपाळाच्या हाडामागे असलेल्या मेंदूच्या पुढच्या भागात, म्हणजे ललाटखंडात शोधावा, असे मत गेल्या शतकात मांडले गेले. त्यावरून वाद झाले, त्या मताच्या छायेत मेंदूवर सुऱ्याही चालल्या, आणि अखेर ते मत बऱ्याच अंशी, पण मूळच्यापेक्षा निराळ्या अर्थाने, ग्राह्य ठरले. आपल्याकडे सटवाई कपाळावर भविष्य लिहून जाते असे मानतात. कपाळावर काय लिहिलेले असते ते असो. कपाळाच्या आत काय चालते हे वाचायला मात्र माणसाला फार काळ लागला.

प्राचीन भारतीय वैद्यांनी ही अवस्था पाहिली होती यात शंका वाटत नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाचे प्रकार सांगताना कफापासून होणाऱ्या उन्मादाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत एकाच जागी बसून राहणे, मुके होणे, चालणेफिरणे नाममात्र उरणे, तोंडातून लाळ गळणे, अन्नाची इच्छा न होणे आणि शुचितेचा तिटकारा ही सारी येतात. आजच्या इस्पितळातील टिपणवहीत शोभावे इतके हे वर्णन नेमके आहे. चरकाने मनाचे मुख्य स्थान हृदयात मानले. भेलसंहितेत मात्र मनाची जागा शिर आणि टाळू यांच्यामध्ये सांगितलेली आहे. या भेलसंहितेची पोथी तंजावरला, भोसल्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली आणि इ.स. १९२१ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने ती छापली. मराठी राजांच्या पोथीशाळेने जपलेल्या या ग्रंथाचे नाव महाराष्ट्रातील सुशिक्षितांनाही क्वचितच माहीत असते.

पंधराव्या शतकात बीदर ही बहमनी राज्याची राजधानी झाली आणि तेथे वैद्यकाचा दुसरा प्रवाह येऊन मिळाला. दुसरा अलाउद्दीन अहमदशहा हा इ.स. १४३६ ते १४५८ या काळात गादीवर होता. त्याने बीदरला एक मोठा दारुश्शिफा, म्हणजे रुग्णालय, बांधले. त्याच्या खर्चासाठी गावे लावून दिली. आणि तेथे मुसलमान हकीम व हिंदू वैद्य या दोघांची नेमणूक केली, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. हकिमांच्या ग्रंथपरंपरेत गोठून गेलेल्या रोग्यासाठी 'जुमूद' हा शब्द होता, आणि जुमूद म्हणजे गोठणेच. ग्रीकांकडून अरबांकडे आलेल्या त्यांच्या शास्त्रात मेंदूच्या पोकळ्यांची वाटणी ठरलेली होती: पुढची कल्पनेची, मधली विचाराची, मागची स्मरणाची. कफोन्माद सांगणारा वैद्य आणि जुमूद सांगणारा हकीम एका छपराखाली बसत होते, हे बीदरच्या इतिहासातले एक विलक्षण दृश्य होय. महमूद गावानच्या मदरशाचे अवशेष पाहायला आजही प्रवासी येतात. दारुश्शिफाची आठवण मात्र कोणी काढीत नाही.

तथापि सामान्य माणसाचा ओढा राजाच्या रुग्णालयापेक्षा गुरूच्या स्थानाकडे अधिक होता. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावरचे गाणगापूर हे कलबुर्गी जिल्ह्यात, अफझलपूर तालुक्यात येते. पण तेथे जाणाऱ्या यात्रेकरूंत मराठी माणसांचा भरणा फार मोठा. नृसिंहसरस्वती तेथे पंधराव्या शतकात वीसहून अधिक वर्षे राहिले. इ.स. १८७१ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग रायचूरपर्यंत पोहोचला आणि गाणगापूर रोड या स्थानकाने पुणे, सोलापूर आणि मुंबई यांना संगमाजवळ आणले. मनोविकाराने पछाडलेल्यांना येथे आणून निर्गुण मठात आरतीच्या वेळी उभे करण्याची रूढी प्रसिद्ध आहे. तिकडे कलबुर्गी शहरात, इ.स. १४२२ मध्ये दिवंगत झालेल्या ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यातही अशीच दुःखे घेऊन लोक येतात.

या रूढीकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही आहे. स्तब्धतेचे झटके पुष्कळदा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आपोआप ओसरतात, हे आता सर्वमान्य आहे. तेवढा काळ रोग्याला जिवंत ठेवणे हेच जुन्या काळी खरे औषध होते. गाणगापुरात पाच घरी माधुकरी मागण्याचा प्रघात असल्यामुळे गरिबातला गरीब माणूसही तेथे महिना काढू शकत असे. शेजारी बसणारे, घोट-घोट पाणी पाजणारे, अंग पुसणारे कोणी तरी असे. ज्याच्याजवळ असे माणूस नसे तो या विकारात तहानेने मरत असे. बाधेला भिऊन जेथे मार, मिरचीची धुरी किंवा साखळदंड आले, तेथे मात्र स्थान कोणतेही असो, जे घडले ते क्रौर्यच होते.

या अवस्थेला तिचे आजचे नाव मिळाले ते इ.स. १८७४ मध्ये. जर्मनीत गोर्लिट्झ या गावी कार्ल लुडविग काहलबाउम नावाचा डॉक्टर मनोरुग्णांची खासगी संस्था चालवीत असे. त्याने अनेक वर्षे रोग्यांजवळ बसून टिपणे केली आणि मुकेपणा, ताठरपणा, मेणासारखी अंगाची स्थिती, सांगितलेल्याच्या उलट करणे, एकच शब्द घोकणे या साऱ्यांचा एक विकार म्हणून ग्रंथ लिहिला. त्याचे दोन आग्रह होते. एक, मनाचा हा विकार स्नायूंच्या ताणातून दिसतो, म्हणून तो मेंदूचा विकार समजून तपासावा. दुसरा, यातले पुष्कळ रोगी बरे होतात.

दुर्दैवाने त्याचा दुसरा आग्रह लवकरच विसरला गेला. क्रेपेलीनने १८९० नंतरच्या दशकात ही अवस्था तारुण्यातच बुद्धी ढासळवणाऱ्या एका असाध्य रोगाच्या पोटात घातली, ब्लॉयलरने इ.स. १९०८ मध्ये त्या रोगाला स्किझोफ्रेनिया हे नाव दिले. नाव बदलले, परंतु मुक्या, ताठर रोग्याचे नशीब बदलले नाही. त्याला वेड्यांच्या इस्पितळाच्या मागच्या दालनात ठेवावे, असा शिरस्ता जगभर पडला. निजामाच्या राज्यात असे इस्पितळ मराठवाड्यात जालन्याला होते. बीदर-गुलबर्ग्याच्या रोग्यांसाठी सरकारी दार होते ते हेच.

ललाटखंडाकडे प्रथम बोट कोणी दाखविले? मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली तर माणूस जगतो, पण बदलतो, हे इ.स. १८४८ पासून, फिनियस गेज नावाच्या अमेरिकन मुकादमाच्या कपाळातून सुरुंगाची पहार आरपार गेल्यापासून, ठाऊक होते. पण गेज स्तब्ध झाला नव्हता. उलट त्याच्या तोंडाला धरबंध राहिला नव्हता. तेव्हा ललाटखंड म्हणजे एकजिनसी गोळा नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या खालच्या भागाला इजा झाली तर संयम सुटतो. दोन गोलार्धांच्या फटीकडे, आतल्या बाजूला जो भाग आहे त्याला इजा झाली तर माणसातली उठण्याची, बोलण्याची, हात पुढे करण्याची प्रेरणाच मावळते.

हा भेद पाहिला तो फ्रँकफुर्टच्या कार्ल क्लाइस्टने. पहिल्या महायुद्धात गोळ्या व छर्रे लागून डोकी फुटलेले असंख्य सैनिक त्याने तपासले आणि कोणत्या जागी जखम झाली असता कोणती हालचाल बिघडते याची नोंद ठेवली. इ.स. १९३४ मध्ये त्याचा मेंदूच्या विकृतींवरील प्रचंड ग्रंथ पूर्ण झाला. ललाटखंडाला इजा झालेल्या सैनिकांत त्याला जे दिसले ते स्तब्धतेच्या रोग्यांत दिसणाऱ्या लक्षणांशी फार मिळते होते. एका लक्षणाला त्याने दिलेले नाव अजून वापरात आहे. रोग्याचा हात डॉक्टर वाकवू लागला की रोग्याचा हात तेवढ्याच जोराने विरोध करतो. जोर वाढवावा तसा विरोध वाढतो, सोडून द्यावे तर विरोधही मावळतो. तळहातावर बोट फिरवावे तर तान्ह्या मुलासारखी मूठ आवळली जाते. प्रश्न विचारावा तर प्रश्नच परत येतो. हे सारे रोगी मुद्दाम करीत नाही. तान्हेपणी प्रत्येकाच्या अंगी असलेल्या आणि पुढे ललाटखंडाने दाबून ठेवलेल्या या प्रतिक्रिया आहेत. वरचा अंमल सुटला की त्या पुन्हा डोके वर काढतात. खेड्यातल्या घरात ज्याला हट्ट म्हणून थोबाडीत बसते तो हट्ट असा आहे.

क्लाइस्टने ललाटखंड एकटा धरला नव्हता. मेंदूच्या खोल भागात करड्या द्रव्याचे जे गोळे आहेत त्यांच्याशी ललाटखंडाचे दळणवळण असते; इच्छा तिकडे जाते, तेथून थॅलॅमस नावाच्या भागातून वळून पुन्हा ललाटखंडात येते आणि मग हात हलतो. या फेऱ्यात कोठेही खंड पडला तरी परिणाम सारखाच. इ.स. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या फॉन एकोनोमोने वर्णिलेल्या निद्रामस्तिष्कज्वराच्या साथीत हजारो माणसे अशी गोठून बसली. त्यांचा बिघाड खोल भागात होता. ऑक्सफर्डच्या ह्यू केर्न्सने इ.स. १९४१ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलीची हकिगत प्रसिद्ध केली. ती निश्चल आणि मुकी झाली होती, डोळ्यांनी मात्र माणसांचा माग घेई. मेंदूच्या मध्यभागी असलेल्या एका पुटीतला द्रव काढून घेताच ती बोलू लागली. पुटी पुन्हा भरली तशी पुन्हा गोठली. बंद पडलेले दार एवढ्या स्पष्टपणे उघडताना आणि मिटताना वैद्यकाने पूर्वी क्वचितच पाहिले असेल.

आता उपचारांचा इतिहास, आणि तो या विषयातला सर्वांत विलक्षण भाग होय. इ.स. १९३० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे ब्लेकवेन नावाच्या डॉक्टरने झोप आणणारे एक औषध, सोडियम अमायटल, स्तब्ध रोग्यांच्या शिरेत सोडले. कित्येक महिने न बोललेली माणसे झोपण्याऐवजी जागी झाली, जेवली, नातेवाइकांशी बोलली. आणि काही तासांनी औषध उतरताच पुन्हा दगड झाली. चार वर्षांनी, २३ जानेवारी १९३४ रोजी, बुडापेस्टमध्ये मेदुना नावाच्या डॉक्टरने चार वर्षे स्तब्ध असलेल्या एका रोग्याला तेलातल्या कापराचे इंजेक्शन देऊन मुद्दाम अपस्माराचा झटका आणविला. काही झटक्यांनंतर तो रोगी अंथरुणातून उठला आणि बोलू लागला. अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया हे एकमेकांचे वैरी आहेत अशी मेदुनाची समजूत होती. ती समजूत पुढे टिकली नाही. रोगी मात्र उठला होता. आरतीचा कापूर आणि हा कापूर यांचा संबंध जोडण्याचे कारण नाही, पण दोन्ही ठिकाणी वाट पाहणारे नातेवाईक मात्र सारखेच असावेत. कापराच्या जागी लवकरच कार्डियाझोल आले, आणि एप्रिल १९३८ मध्ये रोमला चेर्लेत्ती व बिनी यांनी विजेच्या साहाय्याने झटका देण्याची रीत शोधून काढली.

त्याच सुमारास दुसरी वाट निघाली, ती थेट ललाटखंडात शिरणारी. लिस्बनच्या एगास मोनिझने १२ नोव्हेंबर १९३५ रोजी आपल्या हाताखालच्या शल्यवैद्याकरवी एका रोग्याच्या कवटीला भोके पाडून ललाटखंडाच्या तंतूंवर पहिला प्रयोग करविला. विचार ठराविक तंतूंत अडकून बसतात, ते तंतू तोडले की माणूस सुटेल, असा त्याचा तर्क होता. इ.स. १९४९ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हे वारे हिंदुस्थानातही आले. बंगलोरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख एम. व्ही. गोविंदस्वामी आणि शल्यविशारद बी. एन. बाळकृष्णराव यांनी भारतीय रोग्यांवर केलेल्या अशा शस्त्रक्रियांचा वृत्तांत इ.स. १९४४ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गोविंदस्वामी हे साधे अनुकरण करणारे गृहस्थ नव्हते. भारतीय तत्त्वज्ञानाचा त्यांचा व्यासंग होता, रोग्यांविषयी कळवळा होता, आणि इ.स. १९५४ मध्ये बंगलोरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली तेव्हा तिचे पहिले संचालक तेच झाले. अशा माणसालाही ती शस्त्रक्रिया त्या वेळी योग्य वाटली, यावरून त्या काळातील हतबलतेची कल्पना येते. त्यांच्या हाती दुसरे होतेच काय?

परंतु मोनिझच्या तर्कात एक मोठा पेच होता. ज्यांची तळमळ, भीती, खिन्नता अनावर होती असे रोगी शस्त्रक्रियेनंतर शांत झाले. स्तब्धतेच्या रोग्यांना मात्र तिचा लाभ फारसा झाला नाही. तो होणार तरी कसा? ज्या रोग्याच्या ललाटखंडाची प्रेरणा आधीच अडून बसली आहे, त्याच्या ललाटखंडाचे तंतू तोडून त्याला गती कशी मिळावी? उलट, धडपड्या माणसावर ही शस्त्रक्रिया केली म्हणजे तोच पुष्कळदा निरिच्छ, मंद आणि उदासीन होऊन बसे. म्हणजे क्लाइस्टने युद्धातल्या जखमांवरून जे सांगितले ते शल्यवैद्यांच्या सुऱ्याने पुन्हा सिद्ध केले, आणि त्यासाठी जगभर हजारो माणसांची किंमत दिली गेली. सोव्हिएट रशियाने इ.स. १९५० मध्ये ही शस्त्रक्रिया बंद केली. इतरत्र तिचा अस्त झाला तो मुख्यत्वे इ.स. १९५२ नंतर लार्गॅक्टिल व त्याच्या जातीची औषधे आल्यामुळे. त्या औषधांनी पुष्कळांना घर परत मिळवून दिले. पण स्तब्ध रोग्याला ती सावधपणेच द्यावी लागतात, कारण त्याची ताठरता त्यांनी कधी कधी वाढते आणि ज्वर चढून प्राणावर बेतू शकते.

ज्या काळात बंगलोरला हे घडत होते त्या काळात बीदर आणि गुलबर्गा हे बंगलोरच्या कक्षेत नव्हते. ते हैदराबादच्या राज्यात होते. जालन्याचे इस्पितळ इ.स. १९५३ मध्ये हैदराबादजवळ एर्रागड्डा येथे हलविण्यात आले. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्याची भाषावार फोड झाली. जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले: अहमदपूर, निलंगा व उदगीर हे मुंबई राज्याकडे गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशाकडे, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्याकडे. मायबोली मराठी असलेली पुष्कळ घरे या रेषेच्या दक्षिणेला राहिली. सीमाप्रश्नावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. रोग्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय झाला हे फारसे कोणी लिहिले नाही. आता त्याच्या राज्याचे जुने मनोरुग्णालय धारवाडला, इ.स. १८४५ पासूनचे, मोठी संस्था बंगलोरला, बीदरहून सुमारे सातशे किलोमीटर, आणि जवळचे हैदराबाद, दीडशे किलोमीटरांच्या आतले, परराज्यात. तोंडात पाण्याचा थेंब न घेणाऱ्या माणसाला घेऊन सातशे किलोमीटर जाणे म्हणजे काय, याचा विचार नकाशे आखणाऱ्यांच्या खोलीत होत नसतो. लोकांनी आपल्या पायांनी त्याचे उत्तर दिले. ते हैदराबादला जात राहिले, सोलापूरला जात राहिले, आणि पैसे संपले की गाणगापूरला.

बंगलोरची संस्था इ.स. १९७४ मध्ये मनोरुग्णालयाशी एक होऊन 'निमहान्स' झाली. मानसिक उपचार जिल्ह्याच्या गावी आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचविता येतात का, याचा प्रयोग तिने इ.स. १९८५ ते १९९० या काळात बळ्ळारी जिल्ह्यात केला, आणि त्याच नमुन्यावर इ.स. १९९६ मध्ये केंद्र सरकारची जिल्हा योजना निघाली. कलबुर्गीला महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय इ.स. १९६३ पासून आहे. बीदरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते इ.स. २००७ मध्ये. दारुश्शिफानंतर साडेपाचशे वर्षे लोटली होती.

दरम्यान युरोपात एक नवल घडले. इ.स. १९८१ मध्ये तेथील वैद्यकीय नियतकालिकात असा प्रश्न विचारला गेला की, हे सारे स्तब्ध रोगी गेले कोठे? भारतातील डॉक्टरांना हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. त्यांच्या दारात ते रोज येतच होते. आणि युरोपातही ते गेले नव्हते. त्यांना ओळखणारे डोळे कमी झाले होते. नीट शोध घेतल्यावर आढळले की, तीव्र मनोविकारामुळे इस्पितळात दाखल होणाऱ्या दर शंभर रोग्यांत नऊ-दहांना ही लक्षणे असतात, आणि त्यांतील पुष्कळांना स्किझोफ्रेनिया नसून खिन्नतेचा किंवा उन्मादाचा विकार असतो. इ.स. २०१३ मध्ये अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या नव्या वर्गीकरणात स्तब्धतेला स्किझोफ्रेनियाच्या पोटातून बाहेर काढले. काहलबाउमला न्याय मिळायला १३९ वर्षे लागली.

ललाटखंडाचा धागा पुन्हा हाती आला तो दोन वाटांनी. पहिली वाट शरीररोगांची. ललाटखंडातील गाठ, तेथील रक्तस्राव, त्या भागाची झीज करणारा स्मृतिभ्रंश यांत स्तब्धता दिसू शकते, हे जागोजागच्या नोंदींतून निश्चित झाले. इ.स. २००७ मध्ये दालमाउ या स्पॅनिश वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक असा मेंदूदाह दाखवून दिला की ज्यात शरीराची संरक्षक द्रव्येच मेंदूतील संदेशग्राहकांवर उलटतात. तो पुष्कळदा तरुण स्त्रियांना होतो, कधी त्याचे मूळ अंडाशयातील गाठीत असते. मुलगी प्रथम भ्रमिष्टासारखे बोलते, मग गोठते. वेळीच ओळखला तर बहुतेक रोगी सुधारतात. अशा किती मुली पूर्वी बाधेच्या नावाखाली गेल्या असतील, याची गणती आता होणे नाही.

दुसरी वाट औषधाची. ब्लेकवेनच्या अमायटलची जागा १९८० नंतरच्या दशकात लोराझेपाम या सौम्य औषधाने घेतली. एक-दोन मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिल्यावर कित्येक रोगी तासाभरात मान वळवतात, पाणी घेतात, नाव सांगतात. झोपेचे औषध गोठलेल्याला जागे कसे करते? ते मेंदूतील शमन करणाऱ्या गाबा नावाच्या द्रव्याचा प्रभाव वाढवते. जर्मनीत नॉर्थॉफ व त्याच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस मेंदूची चित्रे घेऊन दाखविले की, स्तब्धतेच्या रोग्यांत या द्रव्याचे ग्राहक मेंदूच्या हालचालीच्या भागात कमी झालेले असतात आणि दुःखद भावना चाळविल्या असता ललाटखंडाचा खालचा भाग निरोग्यासारखा काम करीत नाही. म्हणजे ललाटखंड मेलेला नसतो; भीतीच्या लोंढ्यापुढे त्याचा कारभार ठप्प झालेला असतो. लगाम इतका ताठ खेचला जातो की घोडा जागीच थिजतो. औषध तो लगाम सैल करते. हे चित्र अजून अपुरे आहे. बहुतेक रोग्यांच्या मेंदूच्या साध्या छायाचित्रात काहीच वावगे दिसत नाही, आणि प्रत्येक स्तब्धतेचे मूळ ललाटखंडातच आहे असे कोणी जबाबदार वैद्य आज म्हणणार नाही.

पण याच संशोधनातून एक गोष्ट निघाली, ती घरच्या माणसांनी ऐकावी अशी आहे. कंपवाताचा रोगी गोठला तर आपले अंग हलत नाही हे त्याला कळते आणि त्याचा त्रास होतो. स्तब्धतेतून उठलेल्यांना विचारले तेव्हा त्यांतले बरेच जण अंग अडल्याबद्दल फारसे बोलले नाहीत; ते बोलले अनावर भीतीबद्दल. आजूबाजूचे बोलणे त्यांतल्या पुष्कळांनी ऐकलेले असते. उशाशी बसून जमिनीची वाटणी, औषधाचा खर्च आणि सुनेचे माहेर यांविषयी जे बोलले गेले, तेही.

लोराझेपामने न उठणाऱ्यांसाठी विजेचा झटका आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे. लोकांच्या मनात त्याची जी धास्ती आहे ती भूल न देता झटके देण्याच्या जुन्या रीतीतून आलेली आहे. इ.स. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भुलीवाचून आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधावाचून असा उपचार करण्यास मनाई केली. खरा धोका उशिराचा आहे. पडून राहिलेल्या रोग्याच्या पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात व त्या फुप्फुसात जातात. शरीरातले पाणी आटते, मूत्रपिंडे थकतात, पाठीला जखमा होतात. स्तब्धतेने माणूस मरतो तो असा.

निदानाला फार मोठी सामग्री लागत नाही. इ.स. १९९६ मध्ये बुश आणि फ्रान्सिस यांनी तयार केलेली तेवीस लक्षणांची परीक्षा सर्वत्र वापरात आहे. त्यांतली पहिली चौदा लक्षणे संशय घेण्यापुरती पुरेशी होतात. डॉक्टर रोग्यापुढे बसतो आणि आपले डोके मोठ्याने खाजवतो, रोगी नक्कल करतो का ते पाहतो. हात वर उचलून सोडतो. कोपर हलके, मग जोराने वाकवून पाहतो. तळहातावर बोट फिरवतो. परीक्षेचा बराच भाग असा मुक्यानेच होतो. सीमाभागातल्या इस्पितळात, जेथे डॉक्टर कन्नडमध्ये विचार करतो, आई मराठीत रडते आणि चिठ्ठी इंग्रजीत लिहिली जाते, तेथे ही सोय लहान नव्हे. मग शिरेतून औषध जाते आणि थोडा वेळ थांबावे लागते. त्यानंतर डॉक्टर रोग्याला त्याचे नाव विचारतो. त्या वेळी मात्र भाषा लागते. बीदर-कलबुर्गीकडे ती कन्नड असते, मराठी असते, दखनी उर्दू असते, आणि पुष्कळदा आई आधी विचारून टाकते.